पहिलं हसू तिसऱ्या रांगेतून

हसायला कुणी कामावर जातं का? मावशी जातात. आठवड्यातले पाच दिवस, दोन बस बदलून, संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला. टीव्हीवर रात्री अकराला तो पुढाऱ्यांची टोपी उडवणारा कार्यक्रम लागतो ना, ज्याला सगळे नुसतं ‘अकराचा’ म्हणतात, त्याचं चित्रीकरण संध्याकाळी सहाला होतं. दोनशे खुर्च्या, समोर एक टेबल, टेबलामागे लाल फ्रेमचा चष्मा लावलेला निवेदक. आणि तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या खुर्चीवर, वरून लोंबणाऱ्या माइकच्या बरोबर खाली, आमच्या मावशी.

त्यांची गरज काय, तर दोनशे माणसं एकत्र बसली की आधी हसायला कुणीच तयार नसतं. निवडणुकीच्या दिवसांत तर नाहीच. शेजारचा कुठल्या पक्षाचा कोण जाणे! निवेदक बोलतो, लोक ओठ दाबून इकडेतिकडे बघतात. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून मावशी फिसकन हसतात आणि मग सगळ्यांना परवानगी मिळते. पाव सेकंदाचा खेळ, पण त्यावर सगळा कार्यक्रम उभा.

मावशींच्या हसण्याचे प्रकार तीन. विनोद बेताचा असेल तर खुदकन. बरा असेल तर फिसकन. आणि विनोद वर्मी लागला तर खो-खो, त्याच्या शेवटी वर वर चढत जाणारी एक ‘ई’, आणि ती ‘ई’ संपते उचकीत. हे हसू दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. लांबच्या लांब नातेवाईक टीव्ही बंद करून फोन करतात, “आज दोनदा उचकी लागली होती, तब्येत बरी आहे ना?”

खोटं हसणं मात्र त्यांना जमत नाही. एकदा निवेदक काकुळतीला येऊन म्हणाला, “मावशी, आज तिसरा विनोद जरा पडेल आहे, सांभाळून घ्या.” मावशी म्हणाल्या, “विनोद तू कर बाबा, हसायचं काय ते माझं मी बघते.” तो विनोद त्या दिवशी पडला तो पडलाच. निवेदकानं मावशींवर रागावण्याऐवजी विनोद लिहिणाऱ्याला झापलं.

तसं बघितलं तर या बाईनं उभा जन्म हसू गिळण्यात घालवला. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “सुनेनं हसावं, माझं काही म्हणणं नाही. पण भिंतीपलीकडे कळू नये.” पुढे इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी लागली. एकतीस वर्षं. तिथं समोर सगळे कण्हणारे, हसणार कुठे? एकदा एका गृहस्थाला विचारलं, “तक्रार काय?” तो म्हणाला, “माझी काहीच नाही, बायकोची आहे. ती म्हणते, दारू सोड.” मावशी शिक्का शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली गेल्या आणि पाच मिनिटं वर आल्याच नाहीत. मावशींचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, नोकरी त्याच्या पुढच्या वर्षी संपली. मग एक दिवस निवृत्त मंडळींच्या गटाबरोबर फुकटच्या पासावर त्या ‘अकराचा’ बघायला गेल्या. निवेदक त्या दिवशी म्हणाला, “पाण्याचं आश्वासन नीट ऐका. चोवीस तास पाणी देणार, असं म्हणालेत. कोणते चोवीस, ते निवडून आल्यावर ठरेल.” एकतीस वर्षांचं साठलेलं हसू एकदम बाहेर पडलं. निवेदक थांबला, चष्मा काढून तिसऱ्या रांगेकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी घरी फोन आला.

तेव्हापासून मावशी सुखात होत्या. खोटं कशाला सांगू, साठीनंतर इतकं सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं. संध्याकाळी जायला एक जागा आहे, तिथं आपल्यावाचून अडतं, आणि काम काय, तर हसायचं! चहा-बिस्किटं वर. आवाजाचं यंत्र सांभाळणारा एक पोक्त माणूस होता, त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याच्याशी मावशींचं विशेष गूळपीठ. तो म्हणायचा, “मावशी, तुम्ही आजारी पडलात तर मला आधी सांगा, मी रजा टाकतो.”

अशात निवडणूक लागली आणि मावशींचा जावई उभा राहिला.

जावई हा भला माणूस. नळ, पाइप, कॉक, टाक्या अशा सामानाचं त्याचं दुकान. आधी तो स्वतःच नळ दुरुस्त करत फिरायचा, त्यामुळे वॉर्डातलं प्रत्येक गळकं घर त्याला पाठ. लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्याला मामा म्हणत. का म्हणत, ते त्यालाही माहीत नाही. गटाराच्या एका अर्जासाठी तीन वर्षं हेलपाटे घातल्यावर त्याचं टाळकं फिरलं आणि त्यानं अपक्ष म्हणून अर्ज भरला. एवढंच त्याचं राजकारण.

त्याची एकच अडचण होती. म्हणींचं आणि त्याचं कधी जमलं नाही. कानावर पडलेली म्हण तो उचलायचा आणि अर्थ स्वतःच्या पदरचा लावायचा. पाणीखात्यातल्या एका इंजिनियरचं कौतुक करताना तो भर सभेत म्हणाला होता, “साहेब इतके हुशार, की उंटावरून शेळ्या हाकतात!” आणि गंमत म्हणजे बायको शाळेत भाषा शिकवते. मावशींची लेक ती. तिनं पहिली दोन वर्षं दुरुस्त्या केल्या, मग हात टेकले.

आता त्या दिवशीचं सांगतो. मावशी खुर्चीवर बसल्या, दिवे लागले, निवेदकानं दोन-तीन बड्या धेंडांचा समाचार घेतला. मावशी दोनदा फिसकन हसल्या. मग तो म्हणाला, “मंडळी, मोठ्यांचं सोडा. आज सकाळीच एका वॉर्डात एक फलक लागलाय. मी इतकी वर्षं हा धंदा करतोय, पण असा प्रामाणिक उमेदवार बघितला नाही. घोषणा वाचा.”

मागच्या पडद्यावर नुसती अक्षरं आली. टपोरी, लाल.

कामापुरता मामा!

“बाकीचे निवडून आल्यावर कळतात,” निवेदक म्हणाला. “हा गृहस्थ आधीच लिहून देतोय.”

मावशी खो-खो हसल्या. ‘ई’ वर चढली, उचकी लागली, दोनशे माणसं त्यांच्यामागून कोसळली. आणि तेवढ्यात पडद्यावरचं चित्र मागे सरकलं आणि अक्षरांखालचा माणूस दिसला. टक्कल, जाड मिशा, जोडलेले हात. जावई!

मावशींची उचकी जागच्या जागी थांबली. त्यांना आधी वाटलं, कुणी शत्रूनं केलेला चावटपणा असणार. मग आठवलं. हे शब्द जावयाचे नव्हतेच. मावशींचे होते.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मावशींच्या मोरीचा नळ फुटला होता. जावई रात्री आला, तासभर पाण्यात बसून नळ बसवला, हात पुसले आणि निघाला. मावशी म्हणाल्या, “अहो, बसा की घटकाभर! आमचे जावई म्हणजे अगदी कामापुरता मामा!” थट्टेनं म्हणाल्या. काम असलं की येतो आणि संपलं की जातो, पण काम आपलं, त्याचं नव्हे. उलटी करून घातलेली म्हण. त्यातली गोम लेकीला कळली, ती गालात हसली. जावयाला कळली नाही. तो मात्र एवढा खुलला, की बस. सासूनं आपल्याला पदवी दिली! त्याचं तोंड बघून मावशींना खरं सांगवेना. मग घरात तो शब्दच पडला. टाकी तुंबली, बोलवा कामापुरत्या मामाला. पंखा वाजतोय, बोलवा कामापुरत्या मामाला. अकरा वर्षं.

चित्रीकरण संपलं. मावशी एरवी सगळ्यांच्या आधी चहाला असतात, आज खुर्चीवरून उठेनात. कानसेन गळ्यातले हेडफोन सावरत आला. “काय झालं मावशी? आजचं हसू म्हणजे शंभर नंबरी होतं.”

“तो माझा जावई आहे रे,” मावशी म्हणाल्या.

कानसेनचा चेहरा पडला. “अरे देवा! मग काढून टाकू का तुमचं हसू? अकराला अजून वेळ आहे.”

“नको. हसले ते हसले. माझं मी बघते.” असं म्हणून त्यांनी पर्स उचलली आणि तडक जावयाचं दुकान गाठलं.

दुकानात जावई स्टुलावर उभा राहून फलकांचे गठ्ठे खाली काढत होता. लेक काउंटरवर पेपर तपासत बसली होती. आईला बघून तिनं मान खाली घातली, त्यावरूनच मावशींनी ओळखलं की हिला माहीत आहे.

“आई! या, या!” जावई स्टुलावरूनच ओरडला. “बघितलात का फलक? तुम्हाला दोघींना चकित करायचं म्हणून कुणाला दाखवलाच नाही. अहो, काय सांगू, आज अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघून हसतोय! इतकं गोड हसून कुणी कधी बघितलं नव्हतं हो.”

मावशींनी लेकीकडे बघितलं. लेक पुटपुटली, “सकाळी बघितला. ह्यांचं तोंड बघून बोलायचा धीरच झाला नाही.”

आईवर गेलेली, दुसरं काय!

“जावईबापू, खाली या,” मावशी म्हणाल्या. तो आला. मग मावशींनी काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. म्हणीचा अर्थ काय, लोक का हसतायत, आज रात्री अकराला काय दाखवणार आहेत. “आणि पहिली कोण हसली, तर मी. तुमचा फोटो नंतर दिसला, हे खरं. पण हसले.”

जावयानं हातातला गठ्ठा काउंटरवर ठेवला. दुकानात एक नळ ठिबकत होता, नळवाल्याचंच दुकान, पण ठिबकत होता. मग जावई बोलला, आणि बोलला ते भलतंच.

“टीव्हीवाल्यांचं जाऊ दे. म्हणजे आई, अकरा वर्षं तुम्ही मला हेच म्हणत होता?”

मावशींना रडूच आलं. फलकाची, मतांची, ‘अकराच्या’ची कसली काळजी त्याला नव्हती. त्याला एवढंच विचारायचं होतं. नळ फुटला की धावत येणारा हा माणूस, आपण धावून येतो म्हणून सासू आपल्याला मानते, एवढ्यावर खूश असलेला. आणि सासू त्याला मतलबी म्हणत होती?

“नाही रे!” आयुष्यात पहिल्यांदा मावशी त्याला अरे-तुरे करत होत्या आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. “तू कामापुरताच येतोस, पण आमच्या कामापुरता! हीच तर गंमत होती त्यातली. तो ‘आमच्या’ मी कधी बोललेच नाही. घरात तो लागत नव्हता, सगळ्यांना ठाऊक होता. बाहेर गेल्यावर लागतो, हे मला कुठे माहीत! अरे, स्वतःचं काम घेऊन तू माझ्याकडे एकदा तरी आलास का?”

“आलो होतो की,” जावई म्हणाला. “गेल्या आठवड्यात. घोषणा कशी वाटते ते विचारायला. चकित-बिकित नंतर सुचलं. कुलूप होतं. तुम्ही हसायला गेला होता.”

मावशींनी पर्समधून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

लेकीनं पेपर बाजूला सारले. शिक्षिकाच ती, चूक दिसली की हात शिवशिवणारच. “आई, मग तोच शब्द वर लिहू या ना! ‘तुमच्या कामापुरता मामा’. एका पट्टीचं काम आहे.”

जावयानं ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. “तुमच्या कामापुरता मामा. हे... हे चांगलं आहे ना? नक्की? की यातही काही आहे?”

“नाही, यात काही नाही,” दोघी एकदम म्हणाल्या.

मग काय, बसली सगळी पट्ट्या कापत. छापखाना बंद झाला होता, म्हणून हातानं लिहायचं ठरलं. लिहायला मावशी. एकतीस वर्षं केसपेपर लिहिलेलं अक्षर ते, घाईत सुद्धा ठसठशीत. त्या लिहायच्या, लेक कापायची, जावई खळ लावून फलकावर चिकटवायचा आणि प्रत्येक फलक लांब धरून वाचायचा. मध्येच म्हणायचा, “आई, तुमचा ‘च्या’ छान येतो हो.” एवढं झाल्यावर हा माणूस अक्षराचं कौतुक करतोय! मावशींना तो त्या वेळी फार आवडला. लेकीनं नवरा चांगला निवडला, असं त्या लोकांना नेहमी सांगत, पण मनापासून आज पटलं.

अकरा वाजले तेव्हा काउंटरवरचा छोटा टीव्ही लावला. नको म्हणून लेकीनं बघितलं, पण जावई म्हणाला, “लाव. माझंच आहे, मला बघू दे.” बड्या धेंडांचे विनोद झाले. मग ती लाल अक्षरं आली. निवेदक म्हणाला, “हा गृहस्थ आधीच लिहून देतोय.”

आणि शांतता. क्षणभरच, पण घशात अडकावी अशी. मग कसंबसं लोकांचं हसू आलं, पुढे-मागे, एकमेकांना विचारून आल्यासारखं. विनोद चक्क पडला. मावशींचं हसू त्यात नव्हतंच.

जावयाचा चेहरा उजळला. “आई! तुम्ही हसलाच नाहीत! उगीच मला बरं वाटावं म्हणून... नाही, वाईट वाटावं म्हणून... अहो, कशासाठी सांगितलंत मग?”

लेकीनं आईला डोळ्यांनी खुणावलं. मावशींना खूण कळली. गप्प बसलं की संपलं. सुंठीवाचून खोकला जातोय, जाऊ द्या. जावयाचं मन राहील, सासूचं नाव राहील, आणि उद्या सहा वाजता तिसऱ्या रांगेत पाचवी खुर्ची आहेच. मावशींनी तोंड उघडलं ते गप्प बसायच्याच विचारानं. पण या तोंडाला खोटं कधी जमलंय?

“हसले मी,” त्या म्हणाल्या. “खो-खो हसले. उचकीसकट. त्यांनी काढलंय ते.”

“कशाला काढलं?”

“तुम्ही माझे जावई म्हणून.”

जावयानं हातातला खळीचा ब्रश डब्यात ठेवला. “म्हणजे अजून मी निवडूनसुद्धा आलो नाही, आणि ओळखीनं माझं काम झालंदेखील? सासूबाई आत आहेत, म्हणून?”

“मी सांगितलं नव्हतं हो. उलट नको म्हणाले होते.”

“आई, सगळ्यांचे नातेवाईक हेच म्हणतात,” जावई म्हणाला.

लेक अचानक हसायला लागली. अगदी आईसारखं नव्हे, पण बऱ्यापैकी. जावई हसला नाही. “फोन लावा त्यांना.”

मावशींनी कानसेनला फोन लावला. सकाळी आठला कार्यक्रम पुन्हा दाखवतात, रात्री लवकर झोपणारी सगळी माणसं तो तेव्हाच बघतात. मावशी म्हणाल्या, “कानसेना, तुझा हेतू चांगला होता, देव तुझं भलं करो. पण सकाळच्याला माझं हसू परत घाल.”

“मावशी, विचार करा. सकाळी अख्खा वॉर्ड ऐकेल.”

जावयानं फोन घेतला. “नमस्कार. मी तो मामा बोलतोय, फलकावरचा. विनोद चांगला आहे साहेब, तुम्ही त्याची वाट लावलीत. आईंचं हसू होतं तिथं घाला.”

मग कानसेन म्हणाला, “मामा, या खुर्चीवर सतरा वर्षं झाली. हे काढा, ते काढा म्हणून मोठमोठ्यांचे फोन आले. घाला म्हणून फोन करणारे तुम्ही पहिले.”

“बरं, मग घालता ना?” एवढं विचारून जावयानं फोन ठेवला आणि पुढचा फलक उचलला. जणू कुणाचा नळ बसवून आला, तसा.

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. निवडणुका त्यांनी आयुष्यात कमी बघितल्या नव्हत्या. सगळ्या उमेदवारांना त्या हसल्या होत्या आणि तरी दर वेळी रांगेत उभं राहून, त्यातल्या त्यात बरा बघून, नाइलाजानं मत देऊन आल्या होत्या. आज ऊर भरून आला होता.

“माझं मत तुम्हालाच हो, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटून.”

जावई खळ लावता लावता थांबला. “आई, तुमचं नाव पुलापलीकडच्या वॉर्डात आहे.”

“आं?”

“यादी मीच बघितली ना. तुमच्याकडे दोघं उभे आहेत.”

“कोण आहेत?”

जावयानं सांगितलं. दोघांवरही मावशी याच महिन्यात उचकी लागेपर्यंत हसल्या होत्या.

त्या दिवशी पहिल्यांदाच मावशींना त्या दोघांचं काडीचंही हसू आलं नाही. उभ्या आयुष्यात मनापासून मत द्यावं असा एक माणूस भेटला, तो घरातलाच निघाला, आणि त्यालाच मत देता येत नव्हतं. फार वाईट वाटलं त्यांना. त्यांनी नवी पट्टी पुढ्यात ओढली आणि जास्तच टपोऱ्या अक्षरात ‘तुमच्या’ लिहिलं.